दादाभाई नौरोजी : सरकारी आकड्यांना प्रश्न विचारणारे गणिताचे मास्तर

दादाभाई नौरोजी हे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं आहे. भारताचे पितामह, राष्ट्रीय सभेचे तीन वेळा अध्यक्ष, ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेलेले भारतीय, आर्थिक निःसारणाचा सिद्धांत. परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क मिळतात. पण आज आपण दादाभाईंना इतिहासाच्या तासातून उचलून गणिताच्या तासाला आणणार आहोत. सांख्यिकीचं प्रकरण उघडा. स्तंभालेख, जोडस्तंभालेख, रेषालेख, मध्य म्हणजे सरासरी, हे सगळं आज लागणार आहे. कारण हा माणूस मुळात गणिताचा शिक्षक होता, आणि सरकारच्या छापील तक्त्यांमधली सरासरी कुठे चुकली हे त्यांनी दाखवलं, ते आपल्याच भागाचे आकडे घेऊन.

आपल्याच भागाचे म्हणजे कसे? तेव्हा नरखेड हा वेगळा तालुका नव्हता. आपली गावं काटोल तहसिलीत, नागपूर जिल्ह्यात होती आणि नागपूर जिल्हा मध्य प्रांतात. 1861 साली इंग्रजांनी हा मध्य प्रांत तयार केला. त्यात आपल्यासोबत भंडारा, चांदा, वर्धा होतेच, शिवाय जबलपूर, सागर, आणि आज छत्तीसगडमध्ये असलेले रायपूर, बिलासपूरही होते. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गरीब घरचा पोरगा, गणिताचा प्राध्यापक

दादाभाईंचा जन्म 4 सप्टेंबर 1825 चा. पारशी कुटुंब, मूळ नवसारीकडचं. वडील वारले तेव्हा दादाभाई अवघे चार वर्षांचे. आई माणेकबाई स्वतः शिकलेल्या नव्हत्या, पण पोराला शिकवायचंच हे त्यांनी ठरवलं होतं. मुंबईतल्या शाळेत तेव्हा फी लागत नसे. नाहीतर दादाभाईंचं शिक्षण तिथेच थांबलं असतं. आपण लोकांच्या पैशावर शिकलो, तेव्हा लोकांचं देणं लागतो, ही गोष्ट त्यांच्या मनात कायमची बसली.

पुढे ते एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. हुशारी एवढी की 1845 साली मुंबईचे न्यायाधीश पेरी यांनी त्यांना बॅरिस्टर व्हायला विलायतेला पाठवायची तयारी दाखवली आणि निम्मा खर्च स्वतः द्यायचं कबूल केलं. पण पोरगा तिकडे जाऊन ख्रिस्ती होईल या भीतीने समाजातल्या मोठ्या मंडळींनी ते होऊ दिलं नाही. मग दादाभाई शिकवायलाच लागले. गणित आणि भौतिक तत्त्वज्ञान, म्हणजे आजचं भौतिकशास्त्र, हे त्यांचे विषय. वयाच्या तिशीच्या आत ते एल्फिन्स्टनमध्ये पूर्ण प्राध्यापक झाले. तिथे हे पद मिळालेले ते पहिले भारतीय. त्याच काळात त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, मराठी आणि गुजराती अशा दोन्ही, आणि सुरुवातीला स्वतःच फुकट शिकवलं. 1851 साली रास्त गोफ्तार नावाचं वर्तमानपत्र काढलं. हे सगळं पंचविशीच्या आसपास, बरं का.

1855 मध्ये ते लंडनला गेले ते व्यापारासाठी, कामा कंपनीच्या भागीदारीत. पण कंपनी अफू आणि दारूच्या व्यवहारातही पैसा कमावते हे त्यांना पटेना. म्हणून ती भागीदारी सोडली आणि 1859 मध्ये स्वतःची पेढी काढली. धंदा कापसाचा.

इथे जरा थांबू, कारण कापूस म्हटला की आपला विषय आला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इथल्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तेव्हा लांबवर गेलेलं होतं. आता समजा कोणी 1861 ते 1864 एवढ्याच वर्षांचा भावाचा रेषालेख काढला, तर रेषा नुसती वर वर जाते. बघणाऱ्याला वाटेल, कापूसवाल्याचं सोनं झालं. पण आलेख 1866 पर्यंत न्या. युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईतल्या कितीतरी पेढ्या बुडाल्या. दादाभाईंची पेढीही त्याच सुमारास बसली. आलेख कुठून सुरू केला आणि कुठे थांबवला, हा प्रश्न त्यांनी पुस्तकात वाचला नव्हता, स्वतःच्या खिशातून शिकले होते. तुम्हीही कोणताही रेषालेख बघितला की आधी आडव्या अक्षाची दोन्ही टोकं बघा. हेच वर्ष सुरुवातीला का घेतलं असेल?

देशात माणशी किती पिकतं?

1866 साली ओरिसात भयंकर दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसं मेली. आणि सरकारी अहवालांत काय होतं? व्यापार वाढतो आहे, निर्यात वाढते आहे, रेल्वे पसरते आहे. 1867 साली आपल्या नागपूरलाही रेल्वे पोहोचली. सगळ्या रेषा वर जाणाऱ्या. मग एवढी माणसं उपाशी कशी मेली? हा साधा प्रश्न दादाभाईंना सोडेना.

त्यांनी ठरवलं की आधी एक गोष्ट मोजायची: या देशात वर्षाला एकूण पिकतं किती, आणि ते सगळ्यांत सारखं वाटलं तर एकेकाच्या वाट्याला काय येतं? आज आपण याला दरडोई उत्पन्न म्हणतो. तेव्हा भारतासाठी हा हिशोब कोणी नीट मांडलेला नव्हता. सरकारकडेही नाही! दादाभाईंकडे ना कार्यालय ना कारकून. त्यांच्याकडे होते फक्त सरकारनेच छापलेले प्रांतांचे वार्षिक प्रशासन अहवाल. त्यातून त्यांनी प्रत्येक प्रांतातल्या मुख्य पिकांखालची जमीन, एकरी उत्पन्न आणि बाजारभाव हे तीन आकडे काढले आणि गुणाकार केला.

काम सोपं वाटतं ना? पण अहवाल चाळता चाळता गणिताच्या मास्तराला एक भानगड दिसली. पुढचा भाग पाटीवर किंवा वहीत सोडवत वाचा.

समजा तीन शेतकरी आहेत. पहिल्याकडे 1 एकर कापूस, एकरी 10 क्विंटल. दुसऱ्याकडेही 1 एकर, एकरी 8 क्विंटल. तिसऱ्याकडे 8 एकर, पण कोरडवाहू, एकरी 3 क्विंटल. सरासरी एकरी उत्पन्न किती? घाईत असलेला म्हणेल, 10 अधिक 8 अधिक 3 बरोबर 21, भागिले 3, उत्तर 7 क्विंटल. चूक! एकूण कापूस किती झाला बघा. 10 अधिक 8 अधिक 24, म्हणजे 42 क्विंटल. एकूण जमीन 10 एकर. एकरी 4.2 क्विंटल. कुठे 7 आणि कुठे 4.2?

मध्य प्रांताच्या अहवालात नेमकं हेच झालं होतं. प्रत्येक जिल्ह्याचं एकरी उत्पन्न आणि भाव एकाखाली एक लिहायचे, बेरीज करायची आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागायचं. झाली प्रांताची सरासरी! कोणत्या जिल्ह्यात ते पीक किती एकरांवर आहे, याचा विचारच नाही. आता धानाचं घ्या. आपल्या काटोल-नरखेडकडे धान कितीसं? आपल्याकडे ज्वारी, कापूस, गहू. धानाचा खरा मुलूख म्हणजे रायपूर, बिलासपूर. तिथे अफाट जमीन धानाखाली आणि तांदूळ स्वस्त. ज्या जिल्ह्यात धान नावालाच, तिथे तांदूळ महाग. पण अहवालाच्या तक्त्यात रायपूरचा आकडा आणि नावापुरतं धान पिकवणाऱ्या जिल्ह्याचा आकडा एकाच वजनाचे. दादाभाईंनी क्षेत्राप्रमाणे वजन देऊन पुन्हा हिशोब मांडला, तेव्हा भावाची खरी सरासरी सरकारी आकड्याच्या बरीच खाली आली. एकरी उत्पन्नाचा आकडा मात्र उलट वर गेला. म्हणजे दुरुस्ती त्यांनी दोन्हीकडे केली. आपल्या म्हणण्याला सोयीची तेवढी घेतली आणि गैरसोयीची सोडली, असं नाही. मला स्वतःला दादाभाईंची ही बाजू फार आवडते, पार्लमेंटपेक्षाही.

आता हेच आलेखात बघा. आपल्या तीन शेतकऱ्यांचा स्तंभालेख काढा. तीन स्तंभ, उंची 10, 8, 3, रुंदी सारखी. डोळ्याला काय दिसतं? दोन उंच आणि एक ठेंगणा, म्हणजे एकंदर बरं चाललंय. आता त्याच आलेखात स्तंभांची रुंदी जमिनीप्रमाणे घ्या. पहिले दोन 1 सेमी रुंद, तिसरा 8 सेमी रुंद. एकदम चित्र पालटतं. सगळ्या कागदावर ठेंगणा स्तंभच पसरलेला दिसतो आणि प्रत्येक स्तंभाचं क्षेत्रफळ म्हणजे त्या शेतकऱ्याचा एकूण कापूस. आकडे तेच, कागद तोच. सारख्या रुंदीचे स्तंभ काढायला आपण शिकतो, ते बरोबरच आहे. पण सारख्या रुंदीच्या स्तंभात एकराचा आकडा दिसतच नाही, तेव्हा तो विचारून घ्यावा लागतो.

हे दीडशे वर्षांपूर्वीचं झालं म्हणून सोडू नका. तुमच्या घरी पैसेवारी हा शब्द ऐकला असेल. आजोबा त्याला आणेवारी म्हणत असतील. गावातल्या काही निवडक प्लॉटांवर पीक कापणी प्रयोग होतात, त्यावरून गावाची पैसेवारी ठरते, आणि ती 50 पैशांच्या आत आली की बाहेर राहिली यावर वर्षानुवर्षं सवलती ठरत आल्या. पीक विम्यातही उंबरठा उत्पन्नाशी तुलना होते ती तुमच्या वावराची नाही, महसूल मंडळाच्या सरासरीची. संत्रा-मोसंबीच्या फळपीक विम्यात तर मंडळाच्या हवामान केंद्रावर नोंदलेला पाऊस आणि तापमान धरतात. पाऊस तुमच्या बगिच्यात झाला आणि केंद्रावर उन्ह होतं, असंही होऊ शकतं. म्हणून सरासरी कशाची, किती ठिकाणं मिळून, आणि कोणती ठिकाणं, हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नव्हे. तो तुमच्या बापाच्या पैशाचा प्रश्न आहे.

20 रुपये

तर दादाभाईंचा हिशोब पूर्ण झाला. काळ साधारण 1867 ते 1870 चा. ब्रिटिश अमलाखालच्या भागाची लोकसंख्या सुमारे 17 कोटी धरली. शेतीचं उत्पन्न, त्यातून बियाण्याचा भाग वजा. त्यात मीठ, अफू, कोळसा, कारागिरी मिळवली. वरून काही सुटलं असेल म्हणून आणखी मोठी रक्कम धरली. वर्षंही बऱ्या पिकाची घेतली, म्हणजे मुद्दाम कमी दाखवलं असं कोणी म्हणू नये. एकूण आलं 34 कोटी पौंड. तेव्हाच्या दराने 10 रुपयांचा एक पौंड, म्हणजे 340 कोटी रुपये. भागाकार तुम्हीच करा. माणशी वर्षाला 20 रुपये.

हा आकडा त्यांनी आधी लंडनमध्ये मांडला आणि मग 1876 साली मुंबईत, ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे, भारताच्या दारिद्र्यावरच्या निबंधात सविस्तर पुराव्यासह वाचला. त्याच वर्षी दख्खनमध्ये आणि मद्रासकडे मोठा दुष्काळ सुरू झाला होता.

पण 20 रुपये म्हणजे कमी की जास्त? तेव्हाची स्वस्ताई होती, आजच्या 20 रुपयांशी तुलना करून हसू नका. दादाभाईंनी तुलनेसाठी शोधलेली वस्तू मोठी डोकेबाज होती: तुरुंगातला कैदी! सरकार कैद्याला जगण्यापुरतंच खायला आणि अंगावर घालायला देतं, चैन करायला नाही, आणि त्याचा खर्च सरकार स्वतःच छापतं. जहाजाने परदेशी जाणाऱ्या मजुरांना ठरवून दिलेला शिधाही त्यांनी हिशोबात घेतला. मध्य प्रांतात कैद्याच्या अन्नवस्त्राचा वर्षाचा खर्च आला सुमारे 31 रुपये. आणि मध्य प्रांतात माणशी उत्पन्न? सुमारे 18 रुपये. म्हणजे काटोलच्या बाजारात मोकळा फिरणारा माणूस सरासरीने नागपूरच्या तुरुंगातल्या माणसापेक्षा कमी कमावत होता.

याचा जोडस्तंभालेख काढा. 18 आणि 31. बघताच अंगावर येतो. पण आलेख अंगावर आला म्हणजे प्रश्न संपले असं नाही, उलट तेव्हाच जास्त सावध व्हायचं. दादाभाईंचा आलेख असला तरीही. काय विचाराल? एक प्रश्न मी देतो. कैदी सगळे मोठी माणसं. 18 रुपयांच्या सरासरीत मात्र पाळण्यातलं लेकरूही मोजलेलं आहे. लेकराला मोठ्याइतकं लागतं का? मग तुलना सारख्याची सारख्याशी झाली नाही! बरोबर आहे. आता नुसता आक्षेप घेऊन थांबू नका, हिशोब करून बघा. समजा दर तीन माणसांत एक लेकरू, आणि त्याला मोठ्याच्या निम्मं पुरतं. तिघांचा खर्च 31 अधिक 31 अधिक साडेपंधरा, म्हणजे साडेसत्त्याहत्तर. भागिले 3, जवळपास 26 रुपये. उत्पन्न तरी 18 च. आक्षेप खरा होता, फरक कमी झाला, पण स्तंभांचा क्रम बदलला नाही.

दुसरा प्रश्न दादाभाईंनी स्वतःच मांडला होता. 20 रुपये ही सरासरी आहे, ती सगळ्यांना मिळत नाही. मोठा जमीनदार, सावकार, साहेब यांच्या वाट्याला कितीतरी जास्त जातं, म्हणजे तळच्या मजुराला 20 सुद्धा नाहीत. सरकारची सरासरी मोडून काढणारा माणूस स्वतःच्या सरासरीपुढे मान तुकवत नव्हता.

पुढे आलेले दुसरे आकडे

सरकारने उत्तर द्यायला वेळ लावला, पण दिलं. इंडिया ऑफिसमधले डॅनव्हर्स नावाचे अधिकारी होते. त्यांच्याशी 1880 च्या आसपास दादाभाईंचा लांबलचक वाद झाला. दादाभाईंनी पंजाबचा एकेका पिकाचा, एकेका वस्तूचा हिशोब करून दिला होता. डॅनव्हर्सचं म्हणणं पडलं की यात रेल्वे आणि व्यापाराने निर्माण होणारी संपत्ती धरलेली नाही. दादाभाईंचं उत्तर आपल्याला सहज कळेल असं आहे. पंजाबातला गहू आगगाडीने मुंबईला नेला, तर मुंबईत त्याचा भाव वाढेल, पण पोत्यात गहू तेवढाच राहतो. नरखेडची मोसंबी कळमन्याला नेली म्हणून ट्रकमध्ये एक फळ वाढत नाही. आजचे अर्थशास्त्रज्ञ वाहतुकीच्या सेवेलाही उत्पन्नात धरतात, तेव्हा या मुद्द्यावर दादाभाई पूर्ण बरोबर होते असं आज कोणी म्हणणार नाही. पण खायला किती आहे हा प्रश्न असेल, तर पोती मोजायला पाहिजेत हे त्यांचं म्हणणं खोटंही नाही. आपण काय मोजतो आहोत हे ठरवल्याशिवाय दोन आकडे भांडवण्यात अर्थ नसतो.

1882 साली बेअरिंग आणि बार्बर या दोन अधिकाऱ्यांनी सरकारतर्फे दरडोई उत्पन्न काढलं. 27 रुपये. 1901 साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी आकडा जाहीर केला, 30 रुपये. आणि 27 चे 30 झाले म्हणजे देश पुढे चालला आहे असा अर्थ लावला. त्याच वर्षी विल्यम डिग्बी या इंग्रज लेखकाने सरकारी कागदांवरूनच हिशोब केला. त्याचं उत्तर सुमारे 18 रुपये!

आता 20, 27, 30 हे तीन बिंदू रेषालेखात जोडले, तर सुंदर चढती रेषा मिळते. तीस वर्षांत दीडपट. कर्झनसाहेबांना हवी तशी. पण हे तीन बिंदू तीन वेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या रीतींनी काढलेले. त्यांना एका रेषेने जोडायचा हक्क कोणी दिला? शिवाय मधल्या काळात वस्तूंचे भावही बदलले. रुपये वाढले म्हणून ज्वारी वाढली का? आणि 18 चा बिंदू त्याच कागदावर ठेवला की रेषेचं शेवटचं टोक वर न्यायचं की खाली, हेच कळेनासं होतं.

त्याच 1901 सालचा आणखी एक आकडा आपल्या प्रांताचा आहे. 1896-97 आणि 1899-1900 असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांताने सोसले होते. 1901 ची जनगणना झाली, तेव्हा मध्य प्रांताची लोकसंख्या 1891 पेक्षा कमी भरली. माणसं वाढायच्या ऐवजी घटली. एका कागदावर उत्पन्नाची रेषा वर चाललेली आणि दुसऱ्या कागदावर माणसांची रेषा खाली आलेली, एकाच वर्षी. एकच कागद बघणाऱ्याला दुसऱ्याचा पत्ता लागत नाही. दादाभाईंनीही याच वर्षी आपले आयुष्यभराचे निबंध, पत्रं, तक्ते एकत्र करून भारताच्या दारिद्र्यावरचा मोठा ग्रंथ लंडनमध्ये छापला. वय 76.

दोन रेषांमधली जागा

आर्थिक निःसारण पाठ करताना तुम्हाला कठीण जात असेल, तर ते आलेख म्हणून बघा. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर पौंड. एक रेषा निर्यातीची, एक आयातीची. दोन्ही वर जातात, पण निर्यातीची रेषा एकसारखी आयातीच्या वर. सरकार वरच्या रेषेकडे बोट दाखवायचं. दादाभाईंनी बोट ठेवलं दोन रेषांच्या मधल्या जागेवर.

साधं उदाहरण. शेतकरी 50 हजारांचा माल बाजारात घेऊन गेला आणि 30 हजारांचं सामान घेऊन घरी आला. उरलेले 20 हजार कुठे आहेत? बँकेत असतील, तर चांगलंच. कर्जाचा हप्ता गेला असेल, तर वेगळी गोष्ट. कोणी वाटेत काढून घेतले असतील, तर फारच वेगळी. दोन रेषा हे सांगत नाहीत. त्या फक्त एवढंच सांगतात की फरक आहे. मग दादाभाई शोधायला निघाले. इंग्लंडचे आकडे घेतले, तर तिथे उलट. तिथे आयात निर्यातीपेक्षा जास्त, कारण व्यापाराचा नफा मालाच्या रूपात घरी येतो. आपल्याकडचा फरक कुठे जातो? साहेबांचे पगार आणि बचत, विलायतेत दिली जाणारी पेन्शनं, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, रेल्वेसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज.

यातही प्रश्न विचारायला जागा आहे. रेल्वेच्या व्याजाच्या बदल्यात रेल्वे तरी मिळाली ना? मग ती सगळी रक्कम लूट कशी धरायची? नेमकी किती रक्कम निःसारणात मोजायची यावर अभ्यासक अजूनही भांडतात, आणि दादाभाईंचे स्वतःचे अंदाजही आयुष्यभर बदलत गेले. पण मधल्या जागेकडे बघायला त्यांनी लावलं, हे मात्र नक्की. 1873 च्या पार्लमेंटरी समितीपुढे ते साक्षीला गेले. पुढे 1895 मध्ये भारताच्या खर्चाची चौकशी करणारा वेल्बी आयोग नेमला गेला, त्यात ते सदस्यही होते आणि साक्षीदारही.

मधली वर्षं भराभर सांगतो. 1874 मध्ये बडोद्याचे दिवाण झाले, फार टिकले नाहीत. 1886, 1893 आणि 1906 ला राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष. 1906 च्या कलकत्ता अधिवेशनात त्यांनी स्वराज्य हे ध्येय मांडलं, वय 81.

1892 ची निवडणूक मात्र गणितासाठी सांगायला हवी. लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघात ते उभे राहिले आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या मतांनी निवडून आले. दोघांचीही मतं 2,950 च्या थोडी वर. नौरोजी हे नाव इंग्रजांच्या जिभेवर बसेना, म्हणून लोक त्यांना गमतीने नॅरो-मेजॉरिटी म्हणू लागले, म्हणजे निसटतं बहुमत. याचा स्तंभालेख उभ्या अक्षावर शून्यापासून काढला, तर दोन्ही स्तंभ जुळे भाऊ. पट्टी लावूनही फरक दिसायचा नाही. अक्ष 2,950 पासून सुरू करा, दादाभाईंचा स्तंभ दुसऱ्यापेक्षा कितीतरी उंच! टीव्हीवर निवडणुकीच्या दिवसांत असले आलेख रोज बघायला मिळतात. उभ्या अक्षाचा खालचा आकडा बघायची सवय लावून घ्या. 1895 च्या निवडणुकीत मात्र दादाभाई हरले.

1907 मध्ये ते कायमचे भारतात परतले आणि मुंबईजवळ वर्सोव्याला राहिले. 30 जून 1917 रोजी, वयाच्या 91 व्या वर्षी ते गेले.

आता घरचा अभ्यास. आलेख कागदावर आडव्या अक्षावर वर्षं आणि उभ्या अक्षावर रुपये घ्या, शून्यापासून. दादाभाईंचे 20, बेअरिंग-बार्बर यांचे 27, कर्झन यांचे 30 आणि डिग्बीचे 18 हे चार बिंदू दाखवा. रेषेने जोडू नका. प्रत्येक बिंदूखाली लिहा की तो कोणी काढला आणि त्याला तुम्ही कोणता एक प्रश्न विचाराल. दुसरं, तुमच्या गावाची या वर्षीची पैसेवारी तलाठी कार्यालयातून किंवा घरच्या मोठ्यांकडून माहीत करून घ्या, आणि पीक कापणीचे प्लॉट गावाच्या कोणत्या भागात होते तेही विचारा. ओलिताचे होते की कोरडवाहू, हे वहीत लिहून आणायला विसरू नका.